तारखेखालचा आकडा

कळंबा, कोल्हापूर
२१ जानेवारी २००७
दिवस २२४ वा

प्रिय आक्कास,

सप्रेम जयभीम. दाजींना जयभीम, साक्षीला अनेक आशीर्वाद. मी इथे खुशाल आहे. पूर्वी पत्रात लिहायचो तसा खुशाल नव्हे, खरोखरचा.

तारखेखालचा आकडा तू आधी बघतेस आणि मगच पत्र वाचतेस, हे साक्षीनं मला मागं कळवलंय. बघ, निवांत बघ. केंद्रातला नियमच आहे तो. केंद्र चालवणारे आमचे आण्णा, एसटीतले निवृत्त ड्रायव्हर, एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः दारू सोडली. ते म्हणतात, "फोनवर माणूस बेधडक खोटं बोलतोय. कागदावर लिवताना हात अडखळतोय." म्हणून घरी फोन नाही, पत्र, आणि तारखेखाली न पिता काढलेला दिवस. तू आणि दाजींनी मला शाहूपुरीतल्या दुकानाच्या पायरीवरून उचलून रिक्षात घातलंत तो दिवस पहिला. अकरा जूनला वर्ष भरेल.

तुझे शब्द मी विसरलेलो नाही. "वर्ष काढ, पोरगी तुझी." साक्षीची दहावी मार्चमध्ये संपते, माझं वर्ष जूनमध्ये भरतंय. अकरावीला ती इथल्या कॉलेजात. तिची आई गेल्यापासून पाच वर्षं तू तिला सांभाळलंस. आता सकाळी उठून तिला डबा मला करून द्यायचाय. भाकरी थापायला शिकतोय. अजून जमत नाही, पण आण्णा मुकाट्यानं खातात. रविवारी बुद्धवंदनेला जातो. पंचशील म्हणताना पाचव्या, दारूच्या शीलाला माझा आवाज पूर्वी खाली जायचा, आता जात नाही.

आता खरी बातमी. वाचून दचकू नको.

शहरात बड्या लोकांचा एक क्लब आहे. ते दर दोन महिन्यांनी वाईन चाखण्याची एक संध्याकाळ करतात. तिकीट लावतात, दर वेळी एक विषय ठरवतात, आणि जे पैसे उरतील ते गावातल्या एका संस्थेला देतात. कधी वृद्धाश्रम, कधी वाचनालय. क्लबच्या संयोगिता मॅडम दिवाळीत आमच्याकडे चादरी वाटायला आल्या होत्या. मी विज्ञानाचा मास्तर होतो, इंग्रजी वाचतो, हे त्यांनी हेरलं. त्यांची अडचण अशी, की ओतायला ठेवलेली पोरंच बाटल्या संपवतात. त्यांना इंग्रजी लेबल वाचणारा आणि थेंबाला हात न लावणारा माणूस हवा होता. क्लबचे सेक्रेटरी विश्वजित साहेब म्हणाले, "मग व्यसनमुक्तीतलाच घ्या की. त्याच्यापेक्षा खात्रीचा कुठं मिळणार?" सगळे हसले, मीही हसलो. मग कळलं, ते मनापासून बोलत होते.

आण्णांना विचारलं. ते हो म्हणाले.

तर आक्का, काल तुझा भाऊ पांढरा शर्ट, काळी पँट घालून, डोक्याला फेटा बांधून ओतायला उभा होता. कालचा विषय 'दरबार'. पाहुणे सगळे फेट्यात, बायका नऊवारीत, कुणाच्या तरी घरातल्या ढाली-तलवारी भिंतीवर. पैसे मूकबधिर शाळेला जाणार होते. सहा वाईन होत्या. प्रत्येक वेळी मी बाटली दाखवायची, लेबलावरचं मराठीत सांगायचं, आणि दोन घोट ओतायचे. मग विश्वजित साहेब शिकवणार: ग्लास दांडीला धरा, फिरवा, वास घ्या, घोट तोंडात घोळवा आणि थुंका. हो, थुंका! या चाखण्याची रीतच तशी आहे. सहाच्या सहा पोटात घातल्या तर तिसरीनंतर जिभेला काही कळत नाही म्हणे. मला हे कुणी वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

थुंकायला दरबारी थाटाचं पितळी तस्त ठेवलं होतं. परातीएवढं, खोल, रुंद काठाचं, चिंचेनं घासून लखलखीत केलेलं. पण थुंकतोय कोण? आपले कोल्हापूरकर! फाउंड्रीवाले पृथ्वीराज म्हणून आहेत, ते भर सभेत ओरडले, "आवो, थुकायचं हुतं तर दिलीसा कशाला? तिकिटाचं पैसं मोजल्यात की!" हशा झाला. शेवटी विश्वजित साहेबांनी स्वतः तस्तात थुंकून दाखवलं, तेव्हा मंडळी लाजत लाजत एकेक करून पुढे आली. नंतर सवय झाली. नंतर तर नेम धरून थुंकायला लागले.

मला एकदम आपल्या आजीची आठवण आली. सोनूबाईनं हे बघितलं असतं तर? जिनं लहानपणी डोक्यावर टोपलं घेऊन दारोदार उष्टी भाकरी मागून आणली, आणि धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी ते टोपलं चुलीत घातलं, ती. त्यानंतर आपल्या घरात कुणी कुणाचं उष्टं खाल्लं नाही. प्रत्येकाच्या नावाचा पेला, दुकानातून नाव कोरून आणलेला. मी सात वर्षांचा असताना पाहुण्यानं कपात सोडलेला चहा प्यायलो, तर मला थोबाडीत मारून, मिठाच्या पाण्यानं चूळ भरायला लावून ती स्वतःच रडत बसली होती. तुला आठवत असेल. चूळ झाल्यावर गूळ तूच दिलास.

एवढे सगळे वास नाकाशी घेऊन मी कोरडा परत आलो. आण्णांनी दारातच तोंडाचा वास घेतला, आणि भाकरी वाढली.

साक्षीला म्हणावं, बीजगणिताची प्रकरणं मागून पुढं करू नको.

तुझा शुद्धीतला भाऊ,
प्रसेनजीत


कळंबा
१ एप्रिल २००७
दिवस २९४ वा

प्रिय आक्कास,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र मिळालं. साक्षीचे पेपर बरे गेले हे वाचून बरं वाटलं. भूमितीचं रडगाणं मनावर घेऊ नको, तिची आईही असंच म्हणायची आणि पास व्हायची.

उशिरा लिहितोय. कामं होती.

काल क्लबची संध्याकाळ होती. या वेळचे पैसे आमच्याच केंद्राला. तू म्हणशील, दारूच्या पैशानं दारू सोडवायची, हे कसलं? मीही आण्णांना हेच म्हणालो. ते म्हणाले, "मास्तर, पावसात बावीस खाटा भिजत्यात. दुसरं कोन देतंय ते सांगा." कौलं उतरवून पत्रे घालायला काढलेत. तेव्हा प्रश्न नाही.

विषय होता 'आपल्या मातीतली द्राक्षं'. खूप गर्दी. चौथ्या वाईनच्या आधी मॅडमनी मला मंचावर बोलावलं. आधी ठरलेलं नव्हतं. माझ्या हातात भरलेला ग्लास दिला आणि म्हणाल्या, "हा हातात धरून बोला. लोकांना दिसू दे." मी बोललो. शाळेचं बोललो, पायरीचं बोललो, साक्षीचंही बोललो. नको होतं बोलायला, पण बोललो. पाच-सात मिनिटं ग्लास हातात होता, सांडला नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पृथ्वीराज डोळे पुसत होते. मग माझ्या हातातला तो ग्लास कुणीतरी घेतला आणि पिऊन टाकला. माझं काम संपलं.

कार्यक्रम आटोपल्यावर बाटल्या मोजून मॅडमच्या ताब्यात दिल्या. एकही कमी नाही. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात माणूस." तस्त वगैरे घासायचं काम चिमणाबाईंचं, त्या क्लबात झाडलोट करतात. मी थोडी मदत केली आणि परत आलो. आण्णा झोपले होते.

खोलीचं ठरवलंय. तलावाच्या बाजूला, दोन खोल्या, वेगळा नळ. परवा भांड्यांच्या दुकानात जाऊन साक्षीसाठी पेला घेतला आणि नाव कोरून घेतलं. कोरणाऱ्यानं 'क्ष' छान काढलाय.

एक विचारायचं होतं. ते मिठाचं पाणी आजीनं मला एकदाच दिलं होतं, की पुन्हा पुन्हा? मला पुन्हा पुन्हा दिल्यासारखं आठवतंय.

बाकी काही नाही. ऊन फार आहे. डोकं दुखतं.

तुझा शुद्धीतला भाऊ,
प्रसेनजीत


कळंबा
१० जून २००७

आक्का,

जयभीम.

तारखेखाली आकडा नाही. विसरलो नाही. हे पत्र साक्षीच्या हाती देऊ नको. आधी तू एकटी वाच. टपालानं तीन दिवस लागतील आणि तोवर तुम्ही उद्याच्या वर्षपूर्तीला निघाल, म्हणून तुमच्या मलकापूरच्या एसटीनं पाठवतोय. ड्रायव्हर आण्णांच्या ओळखीचा आहे.

जानेवारीत लिहिलं होतं की आण्णा हो म्हणाले. ते हो म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, "मास्तर, बिनब्रेकची गाडी घाटात घालू नगासा." मी ऐकलं नाही. तीन वर्षांत मला कुणी कामाला बोलावलं नव्हतं गं. शाळेनं काढल्यापासून माझ्या हातात कुणी खडूसुद्धा दिला नव्हता. आणि इथे फेटा बांधून मी लेबल वाचत होतो, आणि साठ माणसं ऐकत होती.

आता एप्रिलच्या पत्राचं. त्या पत्रातला दोनशे चौऱ्याण्णवचा आकडा खोटा. तो लिहिताना हात अजिबात अडखळला नाही. आण्णांचं तेवढं एक चुकलं.

मंचावर ग्लास धरला होता तेव्हा मला प्यावंसं वाटलं नाही. खरं सांगतो. टाळ्या संपल्या, लोक जेवायला बाहेर हिरवळीवर गेले, आणि मी मागच्या खोलीत एकटा बाटल्या मोजत होतो, तेव्हा वाटलं. बाटल्या मोजलेल्या होत्या, त्यांवर माझं नाव होतं, माझा शब्द होता. बाटलीला मी हात लावणं शक्यच नव्हतं. लावलाही नाही. माझा प्रामाणिकपणा बघ कसा शाबूत राहिला.

तस्त मोजलेलं नव्हतं.

कोपऱ्यात ठेवलं होतं, निम्म्याच्या वर भरलेलं. लाल, पांढरी सगळी एकत्र. साठ माणसांनी तोंडात घोळवून थुंकलेली. त्यावर फेस होता, एक सुपारीचं खांड तरंगत होतं. मी गुडघ्यांवर बसलो, दोन्ही हातांनी काठ उचलला आणि तोंड लावलं. थोडी प्यायलो असं नाही. दम लागेपर्यंत प्यायलो. चव पितळेची होती.

मागं चिमणाबाई उभ्या होत्या, हातात खराटा. त्या ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "मास्तर, ते थुकल्यालं हाय वो."

आक्का, मी म्हणालो, "व्हय, ठावं हाय." आणि त्यांच्यादेखत पुन्हा तोंड लावलं.

आजीनं टोपलं जाळलं. कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, कुणाच्या तोंडचं घ्यायचं नाही, एवढ्यासाठी ती म्हातारी उभा जन्म ताठ मानेनं उपाशी राहिली, तुला-मला शिकवलं, मला मास्तर केलं. आणि मला तर कुणी वाढलंसुद्धा नव्हतं. मी आपण होऊन गेलो. त्या रात्री मिठाचं पाणी केलं, तीन तांबे चूळ भरली. मग बसून तुला पत्र लिहिलं, तारीख दुसऱ्या दिवसाची टाकली आणि खाली आकडा टाकला.

चिमणाबाईंनी कुणाला सांगितलं नाही. मे महिन्यात पुन्हा कार्यक्रम झाला, विषय आंबा, पैसे कुठल्याशा बालवाडीला. मी दिवसभर एकाच गोष्टीची वाट बघत होतो, ती तुला सांगायला नको. पाहुणे जेवायला गेले, मी मागच्या खोलीत आलो, तर तस्तात फिनेल ओतलेलं. पांढरंफटक झालं होतं सगळं. चिमणाबाई फरशी पुसत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही. त्या बाईनं माझ्यावर केवढे उपकार केले होते! आणि मला काय वाटलं असेल? तिचा गळा दाबावासा वाटला. तेव्हाच मला कळलं की माझं संपलं. सुटणारा माणूस त्या बाईच्या पाया पडला असता. मी तडक शाहूपुरी गाठली. दुकान तेच, पायरीही तीच. फेटा डोक्यावर तसाच होता, तो पोरांनी काढून घेतला.

त्यानंतर किती वेळा गेलो ते मोजलं नाही.

बुद्धपौर्णिमेला पाचव्या शीलाला मी नुसते ओठ हलवले होते. आता जातच नाही.

परवा आण्णा माझ्या खाटेवर येऊन बसले. म्हणाले, "मास्तर, वास येतोय." मी हो म्हणालो. मला वाटलं, आता हाकलतील. केंद्राचा नियम तसाच आहे, प्यायला की त्याच दिवशी बाहेर. जोतीराम म्हणून एक होता, त्याला भर पावसात बाहेर काढलं होतं त्यांनी. मी पिशवी भरायला उठलो. तर आण्णांनी माझा हात धरून खाली बसवलं. बराच वेळ वरच्या पत्र्याकडे बघत राहिले. अर्ध्या छताला पत्रा आहे, अर्ध्याला अजून प्लास्टिक. मग म्हणाले, "अकरा तारखेला मॅडम येनार. पेपरवाला येनार. वर्साचा बिल्ला तुमाला लावनार. पुढल्या तिकिटावर तुमचा फोटू छापायचा ठरलाय. ह्येच्यावर उरल्याला पत्रा हाय, मास्तर." पुढचं बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "यवढा दीस काढा. मग बघू."

एकोणीस वर्षांत या माणसानं एक खोटं खपवून घेतलं नव्हतं. ते त्यांना माझ्यामुळे करावं लागलं. दारू मी एकटाच पीत नाही म्हणायची.

म्हणून उद्या मी बिल्ला घेणार आहे. टाळ्या होतील. केक आहे म्हणतात. मॅडम मला बोला म्हणतील आणि मी बोलेन, चांगला बोलेन, मला ते येतं. बावीस माणसं समोर बसलेली असतील. त्यांतले निम्मे नवे आहेत, माझ्याकडे बघून दिवस काढतायत. त्यांना मी काय सांगणार, की मास्तर तस्तातलं पितो? आणि नाही सांगितलं, तरी ते फसलेच. दोन्हीकडून मार्ग बंद आहे. मी पुष्कळ शोधला.

तेव्हा साक्षीला पाठवू नको.

निकाल लागेल, ती पिशवी भरून बसेल, रडेल, तरी पाठवू नको. मी पुढं कधी पत्र लिहीन, खाली आकडा असेल, शंभर असेल, दोनशे असेल. विश्वास ठेवू नको. वर्ष काढ म्हणालीस. मला आता वर्ष काढल्यासारखं हुबेहूब लिहिता येतं. तू अट घातलीस ती बरोबरच होती, माणूस तसा नव्हता.

खोली सोडली. मालकांनी कुरकुर केली. साक्षीला काय सांगायचं ते तू ठरव. पुन्हा प्यायला लागला, एवढं खरं सांग. तस्ताचं सांगू नको. तेवढं एक माझ्यासाठी झाक. आजपर्यंत पुष्कळ झाकलंस, आणि दर वेळी मी हेच शेवटचं म्हणालो.

पत्राबरोबर कापडात बांधून तिचा पेला पाठवतोय. नाव नीट वाचता येतं. घासून घे असं लिहिणार होतो, पण तशी गरज नाही. आणल्यापासून तो कागदातच गुंडाळलेला होता. त्याला कुणाचं तोंड लागलेलं नाही. माझंही नाही.

तुझा भाऊ,
प्रसेनजीत